बोर्ड काढून टाकला

गेल्या मंगळवारी सकाळी मुलुंड स्टेशनवर उभी होते, फोन वाजला. भांडुपच्या कारखान्यातला सेटर, म्हणजे प्रेस लावून देणारा कारागीर. "मॅडम, वो आपका बोर्ड था ना... निकाल दिया हमने." मागे पॉवर प्रेसची ठकठक चालूच. मी विचारलं, का रे बाबा? तर म्हणे, "बीच में आता था." आणि ठेवून दिला.

बीच में आता था! रोजच्या नोंदी लिहायचा चार बाय सहा फुटांचा तो पांढरा बोर्ड २०१९ साली मी स्वतः पसंत करून टेम्पोत घालून नेला होता. त्यावरच्या लाल-निळ्या पट्ट्यासुद्धा मीच चिकटवल्या होत्या, जमिनीवर गुडघे टेकून, कारण शेठला तेवढ्यासाठी माणूस मोकळा करायचा नव्हता. ठाण्याला जायचं सोडून उलट्या दिशेची स्लो पकडली आणि भांडुपला उतरले. पण तिथे काय दिसलं ते सांगायच्या आधी थोडं मागे जायला हवं, नाहीतर मला राग का आला आणि नंतर का गेला ते कळायचं नाही.

मी छोट्या कारखान्यांना सल्ला देते. कार्डावर 'मॅनेजमेंट कन्सल्टंट' लिहिलंय. लालबागच्या आमच्या जुन्या चाळीत शेजारच्या काकू अजून विचारतात, "म्हणजे तू नेमकं करतेस तरी काय गं?" काकूंचा प्रश्न मला कधी उद्धट वाटला नाही. पंखेवाला येऊन गेला की पंखा फिरतो. मी येऊन गेल्यावर काय फिरतं?

याचं एक उत्तर मला २०१२ मध्ये मरोळला मिळालं. औषधांची कार्टन छापणारा कारखाना होता, साठेक माणसं. आदल्या वर्षी तिथे मी सहा महिने काम केलं होतं. जपान्यांचे ते प्रसिद्ध पाच 'एस' सगळे लावले. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. मराठीत सांगायचं तर नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, झाडा-पुसा, पद्धत ठरवा आणि ती पाळा. जमिनीवर पिवळे पट्टे ओढले. पान्यांसाठी फळी केली, प्रत्येक पान्याच्या आकाराची काळी आकृती रंगवून, म्हणजे पाना जागेवर नसला तर लांबूनही कळावं. रोजचं रिजेक्शन, म्हणजे खराब माल किती निघाला ते, लिहायला बोर्ड. सात टक्क्यांवरचं रिजेक्शन तीनवर आलं. एकशे चाळीस पानांचा स्पायरल रिपोर्ट, पेढे, शेठबरोबर फोटो. त्या फोटोत मी इतकी खूश आहे की आता बघवत नाही.

चौदा महिन्यांनी शेजारच्या इमारतीत काम निघालं म्हणून सहज डोकावले. बोर्ड जागच्या जागी, चकचकीत. आकडे भरलेले: २.८, २.९, २.७. मी कौतुकाने वाचत गेले आणि शुक्रवारच्या रकान्यावर अडखळले. त्या दिवशी बुधवार होता. गुरुवार-शुक्रवारचे आकडे एकाच पेनाने, एकाच हाताने, आधीच भरून ठेवलेले. जो माल अजून छापलाच नव्हता त्याचं रिजेक्शन! पान्यांच्या फळीवर आकृत्या होत्या, पाने नव्हते. ते ज्याच्या त्याच्या पेटीत, कुलपात.

कटिंगवर काम करणाऱ्या एका काकांनी चहा पाजता पाजता सगळं सांगितलं. मी गेल्यावर पहिल्याच दिवाळीला शेठने बोर्डाचे आकडे बोनसच्या मीटिंगला आणले. ज्या पाळीचा आकडा मोठा, तिचा बोनस कापला. "मग आकडा लहान केला," काका म्हणाले. "लहान करायला काय, पेनच लागतं." खराब कार्टनं रात्रपाळीत कातरणात मिसळून जायची.

मला शेठची चीड यायला हवी होती. पण पाळीनिहाय तक्ता, सुपरवायझरांच्या नावांसकट, माझ्याच रिपोर्टात होता. मी तो हौसेने रंगीत छापून घेतला होता.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग आम्हाला पवईला शिकवले होते. १९२४ ते १९३२ या काळात तिथे दिव्यांचा उजेड, विश्रांतीच्या वेळा वगैरे बदलून उत्पादनावर काय परिणाम होतो ते पाहिलं गेलं, आणि कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय म्हणूनच माणसं जास्त काम करतात, असा अर्थ त्यातून पुढे काढला गेला. त्या निष्कर्षावर अजून वाद आहेत. पण मरोळच्या तीन टक्क्यांमध्ये माझ्या रोज समोर उभं राहण्याचा वाटा किती होता, हा हिशेब मी त्या रिपोर्टात कुठेच मांडला नव्हता. (पवईची ती संस्था म्हणजे 'नीटी'. १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने निघालेली. २०२३ पासून ती आयआयएम मुंबई झाली. आमच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेव्हा दोन दिवस नुसता आनंद चालला होता, जणू आम्हीच नव्याने पास झालो.)

खरं तर हे सगळं मला घरातूनच कळायला हवं होतं. माझे आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १९२८ साली मुंबईच्या गिरण्या जवळजवळ सहा महिने बंद होत्या, त्या संपाच्या मुळाशी 'रॅशनलायझेशन' होतं. विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळायचे, म्हणजे माणसं कमी लागतील. आजोबांना तो इंग्रजी शब्द येत नव्हता. ते 'तीन साच्यांचा संप' म्हणायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, स्पिनिंगला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या संपात घरी बसले ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. तेव्हा मी बारा वर्षांची होते. व्हीजेटीआयला प्रॉडक्शन इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, त्या दिवशी अण्णांनी विचारलं होतं, "म्हणजे तू घड्याळ घेऊन उभी राहणारी होणार का?" मी हसण्यावारी नेलं. पुढे पगाराच्या पहिल्या महिन्यात कंपनीने मला खरंच घड्याळ दिलं. स्टॉपवॉच. ते मी घरी कधी नेलं नाही.

तर भांडुप. एलबीएस मार्गाजवळ दोन गाळे, सात पॉवर प्रेस, चौतीस माणसं. स्विचगिअरमधल्या पितळी आणि तांब्याच्या पट्ट्या, क्लॅम्प असला माल. मालक संगमेश्वरकडचे, अस्सल मराठी, पण गाळ्याचा मालक तो कुणीही असो, शेठच. त्यांनी मला बोलावलं ते वेगळ्याच कामाला. "ताई, जागा पुरत नाही. बाजूचा तिसरा गाळा भाड्याने मिळतोय, साठ हजार म्हणतोय. तुम्ही लेआउट करून द्या."

लेआउट करून दिला असता तर माझी फी सुटली असती आणि शेठही खूश झाले असते. पण दोन दिवस नुसती फिरले, तर जागा मशीनने अडलेलीच नव्हती. तयार मालाने अडली होती. क्रेटवर क्रेट, माळ्यावर क्रेट, संडासाच्या दारापर्यंत क्रेट. एकेका पट्टीचा वीस-वीस दिवसांचा माल पुढचा काढून ठेवलेला. का? तर एकदा डाय, म्हणजे प्रेसमध्ये पट्टीला आकार देणारा ठोकळा, चढवली की जेवढा निघेल तेवढा काढून घ्यायचा, कारण डाय बदलायची म्हणजे अर्धा दिवस जातो. आणि तो माल पडून, म्हणजे पितळेचा पैसा पडून, म्हणजे बँकेच्या सीसीवर, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जावर, व्याज चालू. शेठ जागेसाठी महिना साठ हजार मोजायला निघाले होते आणि मुळात दुखणं होतं डाय बदलण्याचं.

डाय बदलायचे मामा. सत्तावीस वर्षं सेटर, सगळा गाळा त्यांना मामा म्हणायचा. मी एक क्रेट पालथा घालून त्यांच्या प्रेससमोर बसले, मांडीवर शंभरपानी वही. दहा मिनिटांनी मामा न वळताच म्हणाले, "वेळ घेताय?" अण्णांचाच आवाज वाटला मला तो. मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यात त्यांचं नाव नव्हतं. 'बोल्ट शोधला: ११ मि. पॅकिंग शोधलं: ९ मि. चेन पुली दुसऱ्या गाळ्यात, वाट पाहिली: १४ मि.' असं होतं. मामांनी वही हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला, वाचली आणि परत देताना म्हणाले, "पान्याचं लिहिलं नाही तुम्ही."

पाना कुठाय? शेठच्या केबिनमध्ये. कपाटात. कुलपात. दोन वर्षांपूर्वी दोन रिंग पाने चोरीला गेले, तेव्हापासून पूर्ण सेट कपाटात आणि किल्ली शेठच्या खिशात. शेठ येणार साडेदहाला. पहिली पाळी सातची. म्हणजे सात ते साडेदहा त्या कारखान्यात डाय बदलणं अशक्यच होतं, आणि हे चौतीसच्या चौतीस माणसांना माहीत होतं. शेठना सोडून. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं म्हणजे पुन्हा चोरीचा विषय निघणार.

मामांना मी शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरची गोष्ट सांगितली. १९५० साली हिरोशिमात, माझदा गाड्या बनवणाऱ्या तोयो कोग्यो कंपनीत, एका मोठ्या प्रेसची डाय बदलताना ते उभे राहून बघत होते. बसवायचा एक बोल्ट सापडेना म्हणून कामगार जो पळाला तो तासाभराने उगवला, शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट कापून घेऊन. त्यावरून शिंगोंनी सुचवलं की प्रेस बंद ठेवूनच करावी लागणारी कामं वेगळी काढा आणि प्रेस चालू असतानाच उरकता येणारी वेगळी. ही दुसरी सगळी आधी करून ठेवा. पुढे याच विचारातून दहा मिनिटांच्या आत डाय बदलायची पद्धत उभी राहिली. मामा ऐकून म्हणाले, "म्हणजे फोडणी टाकल्यावर कांदा चिरायला बसायचं नाही." मी वीस वर्षं स्लाइडवर जे दोन रकाने दाखवत होते ते तिथेच फेकून दिले. आता सगळीकडे कांदाच सांगते.

त्या दिवशी मोजलेला वेळ एक तास पन्नास मिनिटं होता. त्यातलं हाताचं खरं काम पस्तीस मिनिटांचं.

शेठ मात्र किल्ली देईनात. "ताई, तुम्हाला ही माणसं माहीत नाहीत." पाने कितीचे? सगळा सेट चार-पाच हजारांचा. प्रेस तासभर थांबली तर नुकसान किती? त्यांच्याच कॉस्टिंगप्रमाणे पाचशे रुपये. आठवड्याभरात किती वेळा थांबते? हा हिशेब मी तीन वेळा मांडला आणि तिन्ही वेळा ते "बरोबर आहे" म्हणाले आणि किल्ली खिशातच राहिली. हे मला फार उशिरा कळलं आहे की हिशेब पटणं आणि हात खिशातून बाहेर येणं या दोन गोष्टींमध्ये बरंच अंतर असतं. शेवटी मी म्हटलं, ठीक, किल्ली देऊ नका. आठवडाभर सकाळी सातला तुम्हीच येऊन कपाट उघडा. सोमवारी आले, ऐटीत. मंगळवारी सात-वीसला, दाढी न करता. बुधवारी सव्वासातला मामांचा फोन गेला, "शेठ, प्रेस थांबलीय." गुरुवारी किल्ली मामांकडे.

पुढचं भराभर झालं. भंगारातल्या अँगलचा एक गाडा वेल्डिंग करून केला, चाकं नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून आणली. डाय, बोल्ट, पॅकिंग, पाने सगळं गाड्यावर आधीच मांडायचं आणि मगच प्रेस थांबवायची. सगळे बोल्ट एकाच मापाचे, म्हणजे पाना एकच. ही मामांची कल्पना, माझी नाही. तीन महिन्यांत वेळ चाळीस मिनिटांवर आला. नऊ मिनिटं वगैरे काही झालं नाही, आम्ही जपानात नव्हतो. पण वीस दिवसांचा माल काढून ठेवायची गरज उरली नाही, पाच दिवसांवर आलो, माळा रिकामा झाला आणि तिसऱ्या गाळ्याचा विषय शेठने स्वतःहून सोडला.

आणि मग चौथ्या महिन्यात एक पाना गेलाच.

मी योगायोगाने तिथेच होते. प्रेस थांबल्या नव्हत्या, पण सगळ्यांच्या माना केबिनकडे. शेठ बाहेर आले, दहा मिनिटं ओरडले, काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मामांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली. ती तिथे बराच वेळ पडून होती. मग शेठने खिशातून पाचशेची नोट काढली, किल्लीवर ठेवली आणि म्हणाले, "नागदेवीला कोण जातंय? येताना दोन आणा." आणि आत गेले. त्या कामाचा रिपोर्ट मी लिहिला तेव्हा ही घटना त्यात घालायची कशी हेच मला सुचेना. ग्राफ काढता येत नाही तिचा. पण त्यानंतर त्या गाळ्यात लोक अडचणी बोलून दाखवायला लागले, त्याआधी नाही.

मरोळनंतर मी दोन गोष्टी बदलल्या आहेत. आकडे कुणाच्या नावाने मांडत नाही. आणि फीचा शेवटचा पाचवा हिस्सा वर्षाने घेते, न सांगता एक चक्कर मारून, तेव्हा काय शिल्लक आहे ते बघून. बहुतेक मालकांना ही अट आवडते, कारण पैसे उशिरा द्यायला कुणाला आवडत नाही? एक जण म्हणाला, "ताई, वर्षाने मी असेन की नाही तेच माहीत नाही." आता तर केंद्र सरकारची छोट्या उद्योगांसाठी 'लीन', म्हणजे वाया जाणारं कमी करायची, योजना आहे. मार्च २०२३ पासून नव्या रूपात आली आणि सल्लागाराच्या खर्चाचा नव्वद टक्के भार सरकार उचलतं. चांगली गोष्ट आहे, मी स्वतः लोकांना अर्ज करायला सांगते. पण आम्हा सल्लागार मंडळींना 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो काढायची जी खोड आहे तिचं काय करायचं? फोटोत बोर्ड छान येतो. खिशातली किल्ली येत नाही.

तर मंगळवारी भांडुपला पोचले ती अशी, बोर्ड गेल्याच्या रागात. मामा २०२२ मध्ये निवृत्त होऊन गावी गेले. त्यांच्या हाताखालचा हेल्पर, आझमगडचा पोरगा, आता सेटर आहे. फोन त्याचाच होता.

भिंतीवर बोर्डाच्या जागी रंग तेवढा उजळ राहिलेला, चौकोनी. बाजूला बघते तर प्रत्येक प्रेसवर शाळेतली एकेक पाटी टांगलेली. खडूने डायचा नंबर, थांबली किती वाजता, सुरू झाली किती वाजता. आणि पाटीच्या भोकातून ओवलेल्या तारेला पास झालेला पहिला पीस बांधलेला, म्हणजे पुढचा माल त्याच्याशी ताडून बघता यावा. ही तार, हा पीस माझ्या कुठल्याच रिपोर्टात नव्हता. मी तीन नंबरची पाटी वाचली. बावीस मिनिटं.

"पाटी का?" म्हटलं. "बोर्ड तक कौन जाएगा मॅडम, इधर ही लिख देते हैं." सगळं काही टिकलंय असं मात्र नाही. सकाळची दहा मिनिटांची मीटिंग कोरोनात बंद पडली ती पडलीच. क्वालिटीवाला अजून दुसऱ्याच गाळ्यात बसतो आणि पहिल्या पीसवर त्याची सही यायला अजून वेळ लागतो, त्या बावीसातली सहा-सात मिनिटं त्याचीच. पाने फळीवर उघड्यावर आहेत. केबिनमधल्या त्या कपाटात जीएसटीच्या फायली आहेत आणि त्याला कुलूप नाही.

बोर्ड कुठाय, हे मी शेवटी विचारलं. मागच्या खिडकीतून पावसाची झड येते, तिथे त्यांनी तो आडवा ठोकलाय, माझ्या लाल-निळ्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला. बघायला म्हणून मी दोन पावलं मागे सरकले, तर पाठीमागून करकर आवाज आला. त्यांनी दुसरा गाडा केलाय. कुणी सांगितलं नव्हतं करायला. बोर्ड बीच में येत होता तो याच गाड्याच्या.

"मॅडम, साइड. गाडी आ रही है."

मी भिंतीला चिकटून उभी राहिले.